गेबल भिंतीपाशी सीलिंगच्या रिपांची टोके कशावर टेकवावीत?

आढेपाखे (धागाकर्ता)

छपराचे काम संपत आले असून आता सीलिंगच्या रिपा मारायच्या आहेत, आणि नेमके गेबल भिंतीपाशी येऊन काम अडले आहे. छपराला लाकडी कैच्या (छपराचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आहेत, त्या 600 मि.मी. अंतराने उभ्या केल्या आहेत आणि प्रत्येकीचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, साधारण 8 मीटरचा आहे. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी, म्हणजे गेबल, भिंती विटांच्या असून त्या थेट पाख्यांच्या उतारापर्यंत चढवल्या आहेत, त्यामुळे भिंतीच्या डोक्यावर वेगळी कैची नाही. एका टोकाला भिंतीची आतली बाजू आणि पहिली कैची यांच्यात 430 मि.मी. अंतर उरले आहे. दुसऱ्या टोकाला मात्र कैची भिंतीपासून जेमतेम 45 मि.मी. दूर आहे.

रिपा 50 × 38 मि.मी. मापाच्या आहेत आणि त्या कैच्यांना काटकोनात, 400 मि.मी. अंतराने, कैचीच्या खालच्या लाकडाला तळातून बसवायच्या आहेत. त्यांच्याखाली 12.5 मि.मी. जाडीचे जिप्सम बोर्ड येईल. म्हणजे प्रत्येक रीप गेबल भिंतीकडे जाऊन थांबते आणि 430 मि.मी.च्या बाजूला तिचे टोक अधांतरी राहते. सुतार म्हणतात की टोक तसेच राहू द्यावे, एवढ्याने काही होत नाही. गवंड्यांचे म्हणणे असे की भिंतीत खाचा पाडून रिपांची टोके आत घालावीत आणि वरून सिमेंट भरून टाकावे. मला दोन्ही उपाय पटलेले नाहीत, पण तिसरा सुचत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रंधा

भिंतीत खाच पाडून रिपेचे टोक सिमेंटने बुजवण्याचा विचार कृपया सोडून द्या. गेबल भिंतीला पागोळ्यांचे संरक्षण नसते, पाऊस तिच्यावर थेट आडवा येतो आणि उंचीमुळे वाऱ्याचा माराही तिलाच जास्त. अशा भिंतीत चारी बाजूंनी सिमेंटने वेढलेले लाकडाचे टोक ओल शोषून घेते आणि ती ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. कुजणे सुरू झाले तरी ते बोर्डाच्या वर असल्यामुळे कोणाला दिसत नाही. शिवाय 400 मि.मी.वर एक याप्रमाणे 8 मीटरच्या भिंतीत एकाच थरात वीसेक खाचा पडतील. त्या त्रिकोणी भिंतीला आधीच आधार कमी असतो, त्यात तिच्या तळाशी एका ओळीत भोके पाडणे शहाणपणाचे नाही.

माझा उपाय साधा आहे. भिंतीच्या आतल्या बाजूला, तिच्या संपूर्ण लांबीत, 50 × 75 मि.मी.ची एक आधारपट्टी उभ्या कडेवर बसवावी. तिची खालची कड कैच्यांच्या खालच्या कडेशी एका पातळीत आली पाहिजे. मग भिंतीपाशी जणू आणखी एक कैची असल्यासारखे होते आणि रीप तिला खालून स्क्रूने जोडता येते. वजन अगदी किरकोळ असते, त्यामुळे विटांच्या भिंतीत 8 मि.मी.चे नायलॉन प्लग आणि पट्टीतून जाऊन विटेत किमान 50 मि.मी. शिरतील एवढे लांब स्क्रू, 600 मि.मी. अंतराने, पुरेसे होतात. पट्टीच्या दोन्ही टोकांपासून 100 ते 150 मि.मी.च्या आत एकेक स्क्रू आलाच पाहिजे. छिद्र विटेच्या अंगात पाडावे, दर्जेत (दोन विटांमधल्या सांध्यात) नको. भिंत पोकळ किंवा हलक्या ठोकळ्यांची असती तर त्या ठोकळ्यांसाठीचे वेगळे प्लग घ्यावे लागले असते आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवूनच छिद्र पाडावे लागले असते.

पट्टीमागे प्लास्टिकची किंवा डांबरी ओलरोधक पट्टी अवश्य घाला आणि लाकूड वाळवी-बुरशीची प्रक्रिया केलेले घ्या.

कोपरा

मला हा सगळा खटाटोप अनावश्यक वाटतो. 38 मि.मी. जाडीची रीप 430 मि.मी. पुढे आली तर किती वाकणार? सुतारांचे म्हणणे बरोबर आहे.

ओळंबा

कोपरा यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी आकडेच मांडतो. 12.5 मि.मी.चे बोर्ड आणि वरचे उष्णतारोधक मिळून दर चौरस मीटरला साधारण 12 किलो धरले, तर 400 मि.मी. अंतरावरच्या एका रिपेवर दर मीटरला सुमारे 5 किलो येतात. 50 मि.मी. रुंद आणि 38 मि.मी. जाड अशा साध्या नरम लाकडाच्या रिपेचे 430 मि.मी. पुढे आलेले टोक या वजनाने मिलिमीटरच्या काही दशांशांपलीकडे खाली येत नाही. काळाच्या ओघात लाकूड आणखी थोडे लवते, ते दुप्पट धरले तरी डोळ्याला कळणार नाही. म्हणजे प्रश्न वजनाचा असता, तर सुतारांचे उत्तर मान्य करून हा धागा इथेच थांबवता आला असता.

प्रश्न हालचालीचा आहे. कैची 8 मीटरचा गाळा ओलांडते आणि भार आला की मध्यभागी काही मिलिमीटर खाली येते. वाऱ्याने, दमट-कोरड्या हवेने, लाकूड वाळण्याने ती पुढेही हलत राहते. गेबल भिंत मात्र पायापासून उभी असल्यामुळे जागची हलत नाही. टोक अधांतरी सोडले, तर सीलिंगची कड कैचीबरोबर वर-खाली होते आणि भिंत तिथेच राहते. कैची 4 मि.मी. खाली आली, तर त्या जोडावर 4 मि.मी.ची घसरण होते. तिथे तुम्ही कागदी टेप लावून पुट्टी भरलेली असते, आणि ती फाटणारच, कारण पुट्टीला एवढे ताणणे शक्य नसते. फाटण्याची रेघ भिंतीच्या मध्यभागी सर्वांत रुंद आणि दोन्ही कोपऱ्यांकडे बारीक होत गेलेली दिसली, तर कारण हेच असते. कारण कैचीची टोके बाजूच्या भिंतींवर टेकलेली असतात आणि मध्यच हलतो.

आता हीच 4 मि.मी.ची हालचाल रंधा यांच्या पट्टीसह तपासून पाहा. कड भिंतीशी जखडलेली आहे, त्यामुळे जोडावर घसरण शून्य. फरक पडतो तो भिंत आणि पहिली कैची यांच्यातल्या 430 मि.मी.च्या पट्ट्यात, आणि तिथे उतार होतो साधारण 108 मध्ये 1. बोर्ड आणि रीप एवढे वाकणे निमूटपणे सोसतात आणि खालून पाहणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून तुमचे 430 मि.मी.चे अंतर ही अडचण नसून सोय आहे, असे माझे मत आहे. खरी अडचण दुसऱ्या टोकाच्या 45 मि.मी.ची आहे, कारण तेवढ्याच हालचालीचा उतार तिथे 11 मध्ये 1 होतो.

कोपरा

आकडे पटले. तरीही टोक मोकळे ठेवूनच, भिंत आणि बोर्ड यांच्यात 10 मि.मी.ची सरळ फट सोडली आणि बोर्डाच्या कडेला धातूची किंवा प्लास्टिकची कडपट्टी लावली, तर सीलिंग खुशाल वर-खाली होऊ दे. तो पर्याय नाही का?

ओळंबा

नक्कीच आहे, आणि स्वच्छ पर्याय आहे. कडेचा आधार भिंतीवर असावा की कैचीवर, एवढे एकदा ठरवले पाहिजे. भिंतीवर ठेवला, तर टेप, पुट्टी, कॉर्निस (भिंत आणि सीलिंग यांच्या कोपऱ्यातली शोभेची पट्टी) सगळे भिंतीशी एकजीव करता येते. कैचीवर ठेवला, तर भिंतीशी कशानेही नाते ठेवायचे नाही; फट उघडी ठेवायची आणि ती सजवायची. निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे केले की तडा जातो. माझा अनुभव असा की मोकळी फट ठेवण्याचे ठरवूनही शेवटी रंगारी ती भरून टाकतो, कारण त्याला ती राहून गेलेली फट वाटते.

आढेपाखे

एवढ्या तत्पर आणि सविस्तर उत्तरांबद्दल आभार. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या. छपरावर अजून कौले चढलेली नाहीत, फक्त कौलांखालच्या पट्ट्या मारून झाल्या आहेत. दुसरे म्हणजे गेबल भिंत सरळ नाही. दोरी धरली असता मध्यभागी ती आतल्या बाजूला 18 मि.मी. फुगलेली दिसते. गिलावाही व्हायचा आहे. लेसर यंत्र आणले असून आधारपट्टीची रेघ त्यानेच मारण्याचा विचार आहे.

रंधा

मग कौले चढेपर्यंत सीलिंगला हात लावू नका. कौलांचे वजन सीलिंगच्या वजनाच्या कितीतरी पट असते, आणि कैचीला जे काही खाली यायचे असते त्यातला मोठा भाग कौले चढताच येऊन जातो. आधी पट्टी आणि रिपा मारून मग वरून कौले चढवली, तर ती सगळी हालचाल तुम्ही आपण होऊन सीलिंगमध्ये साठवून ठेवता. कौले दोन्ही पाख्यांवर सारखी चढवावीत, एका पाख्यावरच थप्पी लावू नये, हे कौले बसवणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

लेसरबद्दल मात्र वेगळे सांगायचे आहे. लेसर खोली सपाट आहे असे गृहीत धरून तुम्हाला सपाट रेघ देतो. कैच्यांची खालची कड सपाट असेलच असे नाही. कारखान्यात कैची जोडताना तिच्या मध्याला थोडा उठाव ठेवलेला असतो, कौले चढल्यावर तो पूर्ण जातो किंवा थोडा उरतो, आणि शेजारशेजारच्या दोन कैच्यांतही 5 ते 10 मि.मी.चा फरक सहज निघतो. तुम्ही भिंतीवर लेसरची शुद्ध सपाट रेघ मारून पट्टी बसवली आणि पहिल्या कैचीचा मध्य त्याहून 6 मि.मी. वर निघाला, तर रीप भिंतीपाशी खाली आणि कैचीपाशी वर अशी तिरकी जाईल. दिव्याचा उजेड भिंतीलगत आडवा पडला की हा पट्टा उठून दिसतो.

माझी पद्धत अशी आहे. पहिल्या तीन कैच्यांच्या खालून, भिंतीच्या दिशेने, एक सरळ लांब पट्टी किंवा सूत धरायचे आणि ते भिंतीवर जिथे टेकेल तिथे खूण करायची. हे भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांत, मध्यभागी आणि त्यांच्या अधेमधे दर मीटरभरावर करायचे. खुणा जोडल्यावर जी रेघ तयार होते ती पट्टीची खालची कड. ती लेसरशी 3 मि.मी.पर्यंत जुळत असेल तर लेसरची रेघ घ्या, सोपे पडते. जास्त फरक असेल तर सगळ्याच रिपा पाचरी आणि पॅकिंगने एका पातळीत आणाव्या लागतील, आणि तेव्हा मात्र सर्वांत खाली असलेल्या कैचीवरून सगळे काम मोजायचे, कारण रीप खाली उतरवता येते पण कैची वर उचलता येत नाही.

कैचीकार

यात भर घालतो. पातळी साधण्यासाठी कैचीच्या खालच्या लाकडाला तासणे, खाच पाडणे किंवा त्याला ओढून रिपेला चिकटवणे, यातले काहीही करू नये. कैचीचे खालचे लाकूड सबंध गाळ्यात ताणाखाली असते. आठ-दहा मिलिमीटरची खाचही त्याची ताकद लक्षणीय कमी करते. जोडांवरच्या दातेरी पत्र्यांतून स्क्रू घालू नये. तिथे रीप आली तर तो स्क्रू बाजूला सरकवावा.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि वरच्या चर्चेत तो आलेला नाही. रिपा भिंतीला जोडल्या म्हणजे गेबल भिंत छपराशी बांधली गेली, असा समज होऊ देऊ नका. उंच त्रिकोणी भिंत वाऱ्याच्या दाबाने आत आणि ओढीने बाहेर जायला पाहते, भूकंपात तर ती बाहेर कोसळण्याचा धोका सर्वांत आधी असतो. तिला धरण्यासाठी वेगळ्या पोलादी पट्ट्या असतात. ब्रिटिश पद्धतीत त्या साधारण 30 × 5 मि.मी.च्या, जस्त चढवलेल्या असतात, 2 मीटरपेक्षा जास्त अंतराने नसतात आणि प्रत्येक पट्टी किमान तीन कैच्यांपर्यंत नेलेली असते. कैच्यांच्या मधल्या जागेत तिच्याखाली आडवे लाकडी ठोकळे असतात, आणि भिंत व पहिली कैची यांच्यातल्या जागेत घट्ट बसणारा ठोकळा असतो, म्हणजे भिंत आत ढकलली गेली तरी तो तिला अडवतो. तुमच्याकडे 430 मि.मी.ची जागा आहे, तीत हे ठोकळे आहेत का, हे सीलिंग झाकण्यापूर्वी पाहून घ्या. 38 मि.मी.च्या रिपेत घुसवलेला एक स्क्रू हे काम करू शकत नाही.

आढेपाखे

पोलादी पट्ट्या पाख्यांच्या उताराला धरून आहेत, सीलिंगच्या पातळीला दोनच दिसतात. भिंतीच्या 8 मीटर लांबीला त्या अपुऱ्या आहेत असे आपल्या सांगण्यावरून वाटते. त्याबद्दल आराखडा करणाऱ्या अभियंत्यांना विचारतो. कैच्यांच्या खालच्या लाकडांवरून लांबीच्या दिशेने गेलेल्या बांधपट्ट्या मात्र आहेत. त्यांची टोके भिंतीपासून हातभर अलीकडेच संपली आहेत.

कैचीकार

विचारा, आणि त्या बांधपट्ट्यांबद्दलही विचारा. त्या भिंतीपर्यंत पोहोचून तिला टेकलेल्या असायला हव्यात, अलीकडे संपून उपयोग नाही. हे सगळे रिपांच्या वरचे काम आहे. बोर्ड लागल्यावर तिथे पोटावर सरपटत जाऊन करावे लागते आणि भिंतीलगत तर हातही पोहोचत नाही.

गिलावा

भिंतीच्या फुगवट्याबद्दल आणि गिलाव्याबद्दल लिहितो. पट्टी उघड्या विटांवर मारून नंतर तिच्या खालपर्यंत गिलावा आणण्याची पद्धत सर्रास दिसते. त्यामुळे पट्टीच्या वरची भिंत कायमची उघडी राहते, तिच्या उघड्या दर्जांतून वारा छपराखालच्या पोकळीत आणि तिथून सीलिंगच्या कडेने खोलीत येतो. मी गिलाव्याचा पहिला हात सीलिंगच्या पातळीच्या वर निदान 100 मि.मी.पर्यंत आधी मारून घेतो. त्यातच 18 मि.मी.चा फुगवटा बऱ्याच अंशी झाकून घेता येतो: मध्ये पातळ हात, कोपऱ्यांकडे जाड. पूर्ण जाणार नाही. उरलेला फरक पट्टीमागे पॅकिंग घालून काढावा, म्हणजे पट्टी सरळ राहते. पॅकिंग स्क्रूच्या जागीच यावे. दोन स्क्रूंच्या मध्ये पाचर ठोकली तर पट्टीला पोट येते. गिलावा वाळल्याशिवाय लाकूड लावू नये, हे सांगायला नको, पण घाईत हेच आधी विसरले जाते.

आता उष्णतारोधकाबद्दल. भिंत आणि पहिली कैची यांच्यातला पट्टा हा सबंध सीलिंगमध्ये सर्वांत दुर्लक्षित भाग असतो. 600 मि.मी. रुंदीची गुंडाळी कैच्यांमध्ये नीट बसते, पण 430 मि.मी.साठी ती लांबीने कापावी लागते, आणि कापायचा कंटाळा केला की चुरगाळून कोंबली जाते किंवा तो पट्टा मोकळाच राहतो. थंडीत मग भिंतीलगत सीलिंगवर वीतभर रुंदीचा थंड पट्टा तयार होतो, त्यावर खोलीतली दमट हवा साकळते आणि काळी बुरशी धरते. घरमालक छप्पर गळते म्हणून कौले तपासत बसतो. तुमच्याकडे पट्टा रुंद असल्यामुळे वरून काम करता येईल, पण 45 मि.मी.च्या बाजूला मात्र रिपा मारण्यापूर्वी खालूनच ती अरुंद फट उष्णतारोधकाने भरून घ्यावी लागेल, नंतर तिथे बोटही जात नाही.

बोर्ड लावताना भिंतीशी 3 ते 5 मि.मी. फट ठेवून ती रंगवता येणाऱ्या लवचीक सीलंटने भरावी आणि मग टेप किंवा कॉर्निस करावे. बोर्डाची कड गिलाव्यात दाबून बसवू नये.

सुतारपक्षी

मी वाचनमात्र असतो, पण एक शंका आहे. रिपेचे टोक भिंतीपाशी थांबते आणि बोर्डाचा स्क्रू तिथेच मारायचा असतो. स्क्रू रिपेच्या अगदी टोकाजवळ आला तर रीप चिरते. मग बोर्डाची कड कशाला जोडायची?

रंधा

चांगला प्रश्न आहे. बोर्डाची कापलेली कड असेल तर स्क्रू तिच्यापासून किमान 13 मि.मी. आत हवा, कागदाने मढवलेली कड असेल तर 10 मि.मी. पुरतात. त्यात भिंतीशी सोडलेली फट मिळवली की स्क्रू भिंतीपासून 15 ते 20 मि.मी.वर येतो, आणि रीप तिथे संपतच असते. म्हणून मी रिपांची टोके आधारपट्टीला जोडून झाली की दोन रिपांच्या मधल्या जागेत त्याच 50 × 38 मि.मी. मापाचे तुकडे कापून, आधारपट्टीच्या खाली, भिंतीला लागून आडवे बसवतो. रिपा आणि तुकडे मिळून भिंतीच्या संपूर्ण लांबीत 50 मि.मी. रुंदीची सलग पट्टी तयार होते. बोर्डाचे कडेचे स्क्रू तुकड्यांत, भिंतीपासून 25 मि.मी.वर मारायचे, रिपेच्या टोकात मारायचेच नाहीत. तिथे त्यांचे अंतर 150 मि.मी. ठेवावे, आणि बाकीच्या भागात 230. स्क्रू लाकडात 25 मि.मी. शिरला पाहिजे, म्हणून 12.5 मि.मी.च्या बोर्डाला 38 किंवा 42 मि.मी.चा स्क्रू. पुढे कॉर्निस लावायचे असेल तर त्यालाही ही पट्टी कामी येते.

या कामात तुकड्यांची लांबी प्रत्यक्ष मोजून कापावी. 350 मि.मी.चे वीस तुकडे आधीच कापून ठेवले की त्यांतले निम्मे सैल बसतात आणि बाकीच्यांना हातोडीने आत घालताना रिपा बाजूला सरकतात.

रिपेच्या टोकाला फाट पडू नये म्हणून आधी बारीक छिद्र पाडून मग स्क्रू घ्यावा. रीप 38 मि.मी.ची असल्यामुळे 80 मि.मी.चा स्क्रू कैचीत आणि आधारपट्टीत 40 मि.मी.हून थोडा अधिक शिरतो, तो पुरे. गुळगुळीत खिळे इथे नकोत. सीलिंगचे वजन त्यांना सरळ खाली ओढत असते आणि लाकूड वाळले की त्यांची पकड ढिली होते. शिवाय खालून हातोडीचे घाव बसले की शेजारचे आधीचे जोड सैल होतात.

कोपरा यांच्या अधांतरी टोकाबद्दल अजून एक गोष्ट लिहायची राहिली होती. तसे टोक वजनाने वाकत नाही हे खरे, पण खालून बोर्ड दाबून स्क्रू मारताना ते वर उसळते. बोर्ड आणि रीप यांच्यात फट राहते, स्क्रू फिरत राहतो, त्याचे डोके कागद फाडून आत जाते आणि पकड मात्र येत नाही. बोर्ड लावणारा मग शेजारी आणखी एक स्क्रू मारतो, मग आणखी एक. अशी चाळण झालेली कड पुट्टीने झाकली जाते आणि वर्षभराने एकेक स्क्रूचे डोके गोल ठिपक्यासारखे उमटते.

कैचीकार

रिपांचे सांधे कुठे येतात हेही पाहावे. बहुतेक कारागीर एका गेबलकडून पूर्ण लांबीच्या रिपा मारत जातात आणि दुसऱ्या गेबलपाशी उरेल तेवढा तुकडा लावतात. तो तुकडा नेमका आधारपट्टी आणि पहिली कैची एवढ्याच दोन आधारांवर राहतो. भिंतीकडच्या रिपेने निदान तीन आधार घेतले पाहिजेत: आधारपट्टी, पहिली कैची आणि दुसरी कैची. म्हणून दोन्ही गेबलांकडून पूर्ण रिपांनी सुरुवात करावी आणि तुकडे मध्ये कुठेतरी जिरवावेत. कैचीचे लाकूड 35 मि.मी. रुंद असेल, तर त्यावर दोन रिपांची टोके समोरासमोर आणल्यास प्रत्येकीला 17 मि.मी.चीच टेक मिळते आणि स्क्रू टोकातून फुटतो. अशा सांध्यापाशी कैचीला बाजूने एक लाकडी तुकडा जोडून टेक रुंद करून घ्या, आणि शेजारशेजारच्या रिपांचे सांधे एकाच कैचीवर आणू नका.

आढेपाखे

430 मि.मी.च्या बाजूचे चित्र आता स्पष्ट झाले. 45 मि.मी.च्या बाजूचे काय? तिथे आधारपट्टी घालायला जागा नाही, 50 मि.मी.ची पट्टी आणि गिलावा धरला तर ती कैचीवरच आपटते. शिवाय ओळंबा यांनी तिथला उतार 11 मध्ये 1 सांगितला आहे. तिथे टोक भिंतीशी न जोडता फक्त कैचीला जोडून मोकळे ठेवावे का?

ओळंबा

ठेवता येईल, पण मग एका खोलीत एका भिंतीशी टेप केलेला जोड आणि समोरच्या भिंतीशी उघडी फट, असे दोन प्रकार दिसतील. दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्या असतील तर दुसरा मार्ग आहे. गिलावा झाल्यावर उरलेल्या जागेत मावेल अशी 25 मि.मी. जाडीची आधारपट्टी भिंतीला लावा आणि रीप तिला जोडा. त्यानंतर पहिल्या कैचीला रीप जोडू नका. ती कैचीच्या खालून मोकळी जाऊ द्या आणि थेट दुसऱ्या कैचीला जोडा. असे केले की हालचालीला 45 ऐवजी सुमारे 645 मि.मी.चा पट्टा मिळतो आणि उतार दीडशेपेक्षा जास्तीत 1 एवढा सौम्य होतो. 38 मि.मी. जाडीची रीप एवढा गाळा सहज पेलते. मिलिमीटरभरही लवत नाही.

मात्र एक अट आहे. रीप पहिल्या कैचीला चिकटून गेली, तर कैची खाली येताना तिला ढकलेल. म्हणून तिथे रीप आणि कैची यांच्यात 6 ते 8 मि.मी.ची जागा हवी. रंधा म्हणतात तसे सर्वांत खालच्या कैचीवरून पातळी घेतली आणि बाकी सगळीकडे पॅकिंग घातले, तर पहिल्या कैचीपाशी नुसते पॅकिंग न घालणे एवढेच करावे लागेल. सर्वांत खालची कैची नेमकी हीच निघाली, तर बाकी सगळीकडे पॅकिंग तेवढे वाढवावे.

थंड प्रदेशात जाड उष्णतारोधक घातलेल्या छपरांत याची गरज आणखी वाढते. तिथे कैचीचे खालचे लाकूड उबेत कोरडे राहते, वरची तिरकी लाकडे थंडीत दमट होतात आणि कैचीचा मध्य हिवाळ्यात वर उचलला जातो, कधी सेंटिमीटरभरसुद्धा. अशा वेळी रीप पहिल्या कैचीला जोडलेली असेल, तर ती बोर्डाची कड भिंतीपासून उपटून वर नेते. जोडलेली नसेल तर कैची एकटीच वर जाते आणि एकटीच खाली येते.

रंधा

25 मि.मी.च्या पट्टीला रिपेचा स्क्रू खालून मारताना तो पट्टीच्या बरोबर मध्ये आला पाहिजे, नाहीतर पट्टी उभी चिरेल. तिथे 5 ऐवजी 4 मि.मी. जाडीचा स्क्रू घ्या आणि छिद्र पाडल्याशिवाय मारू नका. बोर्डाच्या कडेसाठीचे आडवे तुकडे तिथेही लागतीलच. आणि पहिल्या कैचीवर लाल खडूने "इथे स्क्रू नको" असे प्रत्येक रिपेपाशी लिहून ठेवा. तुम्ही समजावून सांगितलेला सुतार त्या दिवशी येईलच असे नाही, आणि जो येईल त्याला जोडायचा राहिलेला स्क्रू दिसला की तो मारल्याशिवाय राहवणार नाही.

आढेपाखे

कौले चढल्यावर खुणा घेतो आणि अभियंत्यांचे उत्तर आले की पोलादी पट्ट्यांबद्दल इथेच लिहितो. तोपर्यंत रिपा सावलीत, सपाट थप्पी लावून ठेवल्या आहेत.